आमदारांच्या पीएच्या टेबलावरचे कागद: आवकेपासून रद्दीपर्यंत

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात कागद चार वाटांनी येतो. लोक हातात निवेदन घेऊन येतात, टपालाने सरकारी उत्तरं येतात, व्हॉट्सअॅपवर अर्जांचे फोटो येतात आणि दौऱ्यात किंवा लग्नमांडवात कुणीतरी साहेबांच्या खिशात चिठ्ठी सारतं. यातली चौथी वाट सर्वांत धोक्याची. ती चिठ्ठी धोब्याकडे जाते, आणि महिन्याभराने तोच माणूस येऊन विचारतो, "साहेबांच्या हातात दिला होता कागद, काय झालं त्याचं?" दौऱ्यावरून गाडी परत आली की आधी खिसे, गाडीचा कप्पा आणि अंगरक्षकाच्या हातातली पिशवी रिकामी करून घ्यायची, मगच चहा. ही सवय पीएने स्वतःला लावून घ्यावी, ड्रायव्हरलाही लावावी.

पीएचं काम माणसं सांभाळण्याचं, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे. पण रस्ता मंजूर होतो, उपचाराला मदत मिळते, बंद पडलेली पेन्शन सुरू होते ती कागदावर. अनेक कार्यालयांत हे सगळे कागद एकाच माणसाच्या डोक्यात असतात. तो रजेवर गेला की कार्यालय आंधळं होतं. म्हणून खाली जे लिहितो आहे त्याची कसोटी एकच: पीए जागेवर नसताना टेबलावर बसलेल्या कुठल्याही पोराला दोन मिनिटांत कागद सापडला पाहिजे आणि पुढचं पाऊल कोणतं ते कळलं पाहिजे.

आवक नोंदवही

संगणक असला तरी आवक नोंदवही हाताने लिहिलेली, पानांवर छापील क्रमांक असलेली, बांधीव ठेवा. क्रमांक दर १ जानेवारीला पुन्हा १ पासून सुरू करा आणि क्रमांकामागे वर्ष लावा. रकाने असे: आवक क्रमांक, तारीख, अर्जदाराचं नाव, गाव किंवा प्रभाग, मोबाइल, विषय, कोणत्या कार्यालयाशी संबंध, आपला जावक क्रमांक व तारीख, पुढची तारीख, निकाल. आलेल्या कागदावरही उजव्या कोपऱ्यात हाच आवक क्रमांक टाकायचा आणि अर्जदाराला तो चिठ्ठीवर लिहून द्यायचा. नुसत्या नावाने कागद शोधता येत नाही. एका तालुक्यात एकाच नावाआडनावाची पाच-सहा माणसं सहज निघतात.

गावाच्या रकान्यात बुद्रुक की खुर्द हे लिहिलंच पाहिजे. "बु." आणि "खु." ही दोन अक्षरं गाळल्यामुळे एका गावाचं निवेदन दुसऱ्याच्या फाईलला लागतं, शिफारसपत्रात चुकीचं गाव पडतं आणि मंजुरीचा आदेश निघाल्यावर ते उघडकीला येतं. मग शुद्धिपत्रक काढायचं म्हणजे पुन्हा तोच सगळा प्रवास. गावाखाली वाडी, वस्ती, तांडा असेल तर तेही लिहा.

विषय लिहिताना "रस्त्याबाबत" एवढ्यावर थांबू नका. रस्ता कोणत्या वर्गातला, यावर पत्र कुणाला जाणार हे ठरतं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. निवेदनात लोक फक्त "आमच्या गावचा रस्ता" लिहितात. पत्र चुकीच्या कार्यालयात गेलं तर ते महिनाभर तिथे पडून राहतं आणि मग "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही" एवढंच उत्तर येतं. तालुक्याची रस्ते यादी, मार्ग क्रमांकांसह, एकदा मिळवून भिंतीवर लावली की हा महिना वाचतो. विजेच्या तक्रारीत महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक, जमिनीच्या तक्रारीत गट क्रमांक, पेन्शनच्या तक्रारीत योजनेचं नाव आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत अर्जदार समोर असतानाच घ्यायची. तो घरी गेला की फोनवर हे आकडे धड मिळत नाहीत.

निवेदनासोबत लोक मूळ कागद ठेवून जातात. मूळ सातबारा, मूळ डिस्चार्ज कार्ड, कधी मूळ जातीचा दाखलासुद्धा. घेऊच नका. समोर झेरॉक्स काढा आणि मूळ तिथल्या तिथे हातात द्या. झेरॉक्स यंत्र बंद असेल तर मोबाइलवर स्कॅन करा, पण मूळ कागद कार्यालयात रात्री राहता कामा नये.

एका प्रकारच्या अर्जाला वेगळं हाताळावं लागतं: जिथे अर्जदार एखाद्या अधिकाऱ्याविरुद्ध किंवा गावातल्या वजनदार माणसाविरुद्ध तक्रार करतो. वाळूउपसा, दारू, अतिक्रमण, पोलीस. असा अर्ज नेहमीसारखा "सोबत जोडून पाठवत आहे" म्हणून त्याच कार्यालयाला पाठवला, तर संध्याकाळपर्यंत तक्रारदाराचं नाव गावभर होतं. अशा प्रकरणात मुद्दे आपल्या पत्रात उतरवून घ्यायचे, अर्ज जोडायचा नाही, आणि पत्र एक पायरी वरच्या अधिकाऱ्याला पाठवायचं. नोंदवहीतही नावाऐवजी "गोपनीय" लिहून मूळ अर्ज कुलपात ठेवायचा. इथे हयगय झाली तर त्याची किंमत तक्रारदाराच्या घराला मोजावी लागते.

लेटरहेड आणि जावक

लेटरहेड छापताना प्रेसला अनुक्रमांक टाकायला सांगा. खर्च किंचित वाढतो, पण प्रत्येक पानाचा हिशेब राहतो. खराब झालेलं पान फाडून टाकायचं नाही, आडवी रेघ मारून "रद्द" लिहून जपून ठेवायचं. कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत सर्रास आहे, कारण साहेब दौऱ्यावर असतात आणि लोक दारात उभे असतात. तरीही ती मोडलीच पाहिजे. सहीची स्कॅन केलेली प्रतिमा संगणकात ठेवणं हाही तोच प्रकार. आमदारांच्या बनावट पत्रांवर निधीची मागणी झाल्याचे प्रकार राज्यात उघडकीला आले आहेत. यावर साधा उपाय आहे: दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्यात पाठवलेल्या निधीविषयक पत्रांची यादी, जावक क्रमांक आणि रकमेसह, जिल्हा नियोजन कार्यालयाला द्यायची आणि तिची पोच घ्यायची. यादीत नसलेलं पत्र फाईलला लागलं तर तिथल्या कर्मचाऱ्याला लगेच शंका येते.

पत्राची भाषा हाही कागदपत्रांचाच भाग आहे. "सदर अर्जदार माझ्या परिचयाचे आहेत" हे वाक्य खरोखर परिचय असेल तरच टाका. कारण पुढे पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात ते पत्र सादर होऊ शकतं. सरकारी लाभासाठीच्या पत्रात "पात्र असल्यास नियमानुसार" हे शब्द असू द्यात. बदल्यांच्या शिफारशींबाबत अर्जदार कर्मचाऱ्यालाच आधी सांगावं की शासकीय कर्मचाऱ्याने आपल्या सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणणं महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये निषिद्ध आहे. पत्र त्याच्याच सेवापुस्तकाला अडचणीचं ठरू शकतं. आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण अशी कारणं असतील तर त्याने स्वतः खात्यामार्फत अर्ज करावा, आणि आपण फार तर त्या अर्जाचा निर्णय लवकर व्हावा एवढंच लिहावं.

महसुली अपिलांचे कागदही असेच. तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी जिथे अर्धन्यायिक अधिकारात सुनावणी घेत आहेत, तिथे "अमुक यांच्या बाजूने निर्णय व्हावा" असं पत्र जाऊच नये. अर्जदाराला खरी मदत वेगळी असते: आदेशाची तारीख बघून अपिलाची मुदत सांगणं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील ६० दिवसांत, इतर बाबतीत ९० दिवसांत करावं लागतं. शिफारसपत्राच्या नादात लोक ही मुदत घालवतात. मग कुणाचंही पत्र उपयोगी पडत नाही.

आधार कार्डासाठीचं प्रमाणपत्र आमदार देऊ शकतात, पण ते साध्या लेटरहेडवरच्या मजकुराने चालत नाही. आधार प्राधिकरणाचा ठरलेला नमुना लागतो, त्यावर अर्जदाराचा फोटो चिकटवून सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर यावा लागतो, आणि ते दिल्यापासून ३ महिनेच ग्राह्य धरतात. खाडाखोड असेल किंवा तारीख राहिली असेल तर केंद्रावर परत पाठवतात. म्हातारी माणसं दोन-दोन चकरा मारतात ती बहुतेक वेळा या तारखेपायी.

पोच आणि पुढची तारीख

सगळ्या कार्यालयाचा कणा या दोन गोष्टींत आहे. पत्र पाठवलं म्हणजे काम झालं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी नोंदवहीत "पाठवले" लिहून पान उलटलं जातं.

पोच म्हणजे आपल्या स्थळप्रतीवर (पत्राच्या आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) समोरच्या कार्यालयाचा शिक्का, त्यांचा आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं. नुसता गोल शिक्का पुरेसा नाही. क्रमांक नसेल तर ते पत्र त्यांच्या नोंदवहीत चढलंच नसण्याची शक्यता असते. मंत्रालयात आणि अनेक जिल्हा कार्यालयांत आता ई-ऑफिस आहे. तिथे पत्र प्रणालीत नोंदलं गेल्यावर मिळणारा क्रमांक मागून घ्या. तो असला की पत्र कुणाच्या टेबलावर आहे हे फोनवर विचारता येतं. व्हॉट्सअॅपवरच्या निळ्या खुणा म्हणजे पोच नव्हे. स्पीड पोस्टची पावती असेल तर तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही महिन्यांत पांढरा पडतो.

मंत्र्यांना प्रत्यक्ष भेटून पत्र दिलं तर त्यावर शेरा मिळतो. "तपासून सादर करावे", "प्रस्ताव सादर करावा", "नियमानुसार कार्यवाही करावी". शेरा मिळाला की कार्यकर्ते गावात मंजुरी मिळाल्याचं सांगून मोकळे होतात. शेरा म्हणजे मंजुरी नाही, ती खात्याला कागद हलवण्याची सूचना आहे. पण त्याला किंमत आहे, म्हणून मूळ पत्र खात्याकडे जाण्याआधी शेऱ्यासकट त्याची प्रत काढलीच पाहिजे. मूळ पत्र तिथे हरवलं तर हाच एक पुरावा. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि वरचे मजले जळाले, तेव्हा असंख्य फायली गेल्या. त्यानंतर फायली पुन्हा उभ्या करताना कामाला आल्या त्या इतर कार्यालयांत आणि लोकांकडे असलेल्या प्रती. ज्यांच्याकडे क्रमांकासह पोच होती त्यांचं काम पुढे सरकलं.

पुढची तारीख ठरवण्याचा ठोकताळा असा: तालुका कार्यालयाला १५ दिवस, जिल्हा कार्यालयाला १ महिना, मंत्रालयाला दीड महिना. पत्र निघालं की ही तारीख नोंदवहीत आणि टेबल डायरीत त्या दिवसाच्या पानावर जावक क्रमांकासह लिहायची. रोज सकाळी डायरीचं पान उघडलं की आज कुणाकुणाला फोन करायचे ते समोर येतं. फोनवर जे उत्तर मिळालं ते, बोलणाऱ्याच्या पदनामासह, नोंदवहीत लिहून पुन्हा नवी तारीख टाकायची. स्मरणपत्रात आपला जुना जावक क्रमांक आणि त्यांचा आवक क्रमांक दोन्ही हवेत. दोन स्मरणपत्रांनंतर तिसरं त्याच अधिकाऱ्याला पाठवू नये. ते वरिष्ठांना जावं आणि आधीच्या तिन्ही पत्रांच्या पोचा सोबत असाव्यात. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची वेगळी नोंद ठेवावी आणि त्यांना उत्तर द्यावं, अशा सूचना सामान्य प्रशासन विभागाने वेळोवेळी दिल्या आहेत, पण त्यांचा आधार घ्यायचा तर आपल्या हातात तारखा पाहिजेत.

निधीची फाईल

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचे वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. हे पैसे आमदारांच्या हातात कधीच येत नाहीत. आमदार काम सुचवतात, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, काम यंत्रणा करते. त्यामुळे या फाईलमधला प्रत्येक कागद दुसऱ्या कुणाच्या तरी कार्यालयातून यायचा असतो आणि एक अडला की सगळी फाईल अडते. प्रत्येक कामाला वेगळी फाईल, आणि तिच्यात हा क्रम: गावाचं निवेदन, ग्रामपंचायतीचा ठराव, आपलं शिफारसपत्र आणि पोच, जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, ना हरकत दाखला, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, देखभाल-दुरुस्तीचं हमीपत्र, प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कार्यारंभ आदेश, कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि नंतरचे एकाच जागेवरून काढलेले फोटो, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे त्याच कामावर खर्च झाल्याचं). फाईलच्या आतल्या बाजूला हीच यादी चिकटवून आलेल्या कागदापुढे तारीख टाकत गेलं की कुठे गाडी थांबली आहे ते एका नजरेत दिसतं.

सर्वांत जास्त घोळ कामाच्या नावात होतात. ठरावात "सभामंडप", शिफारसपत्रात "सामाजिक सभागृह", अंदाजपत्रकात "समाजमंदिर" असलं की नियोजन कार्यालय त्रुटी काढतं, आणि त्यांचं बरोबर असतं, कारण कागदावर ती तीन वेगळी कामं आहेत. कामाचं नाव ठरावात जसं आहे तसंच अक्षर न बदलता शेवटपर्यंत न्या. ठरावच चुकला असेल तर ग्रामपंचायतीकडून तो दुरुस्त करून घ्या, आपल्या पत्रात सुधारून लिहू नका. जागा खासगी मालकीची किंवा धार्मिक स्थळाची असेल तर आधीच थांबा.

दुसरा घोळ अंतर्गत रस्त्यांचा. "अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत काँक्रीटीकरण" असं नाव असतं. दोन वर्षांनी तोच तुकडा दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या घरांची नावं घालून परत येतो. गावाला निधी अनेक वाटांनी मिळतो: आमदार निधी, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचं "पंचवीस पंधरा", रस्त्यांसाठी "तीस चोपन्न" आणि "पन्नास चोपन्न" (ही लेखाशीर्षांची, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यांची, क्रमांकावरून पडलेली नावं), जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा पैसा. एकच रस्ता दोन लेखाशीर्षांत आला तर एक काम रद्द होतं, आणि चौकशी लागली तर शिफारस करणाऱ्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं. यासाठी प्रत्येक गावाचं एक पान ठेवावं. वर गावाचा हाताने काढलेला नकाशा, खाली वर्ष, लेखाशीर्ष, काम, लांबी मीटरमध्ये, रक्कम. नवीन मागणी आली की आधी हे पान बघायचं. माझ्या मते कार्यालयातल्या सगळ्या कागदांत हे गावपान सर्वांत मोलाचं आहे, आणि बहुतेक कार्यालयांत नेमकं तेच नसतं.

निधीचा हिशेब वेगळ्या वहीत चार रकान्यांत ठेवा: शिफारस केलेली रक्कम, मान्यता मिळालेली रक्कम, प्रत्यक्ष खर्च, शिल्लक. शिफारसीचा आणि मान्यतेचा आकडा एकच धरला तर शिल्लक चुकते, कारण अंदाजपत्रकानुसार रक्कम बदलते. जिल्हा नियोजन कार्यालयाच्या आकड्यांशी ताळमेळ तीन महिन्यांनी घालावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे कुणाला बोलायलाही फुरसत नसते.

निवडणूक जवळ आली की कार्यारंभ आदेशाच्या तारखेबरोबर काम जागेवर खरोखर सुरू झाल्याची तारीखही लिहा. आचारसंहिता लागल्यावर आदेश निघालेलं पण जागेवर सुरू न झालेलं काम सुरू करता येत नाही. चालू असलेलं काम चालू राहू शकतं. तारखेचा उल्लेख असलेले फोटो यासाठीच हवेत.

शासन निर्णयांच्या प्रती विषयवार लावा आणि यादीत १८ अंकी संगणक सांकेतांक लिहा. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस दाखवतात, त्यामुळे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. नवा निर्णय आला की जुन्यावर "अधिक्रमित" (म्हणजे त्याची जागा नव्याने घेतली) असं लिहा. फाडू नका, जुन्या कामांना जुनाच निर्णय लागू असतो.

वैद्यकीय मदतीची प्रकरणं

इथे तास मोजावे लागतात, म्हणून या कागदांची वेगळी लाल फाईल ठेवा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि आजार तिच्यात बसतो का, हे पहिल्या फोनवर विचारायचं. तिथे होणारं काम असेल तर निधीच्या अर्जात वेळ घालवू नये. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला गाठावं.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठी विहित नमुन्यातला अर्ज, उपचाराच्या खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जनने प्रमाणित केलेलं), वार्षिक १ लाख ६० हजार रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशन कार्ड, आजाराचे अहवाल, अपघात असेल तर पोलिसांचा कागद आणि प्रत्यारोपण असेल तर नोंदणीची पावती लागते. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून रुग्ण दाखल असतानाच कागद पूर्ण झाले पाहिजेत. अडतं ते बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यापाशी: तो जुना असतो, किंवा रुग्णाचं नाव रेशन कार्डावर एक आणि आधारवर दुसरं असतं. नातेवाइकांपैकी एकाला तहसीलला आणि दुसऱ्याला सिव्हिल सर्जनकडे एकाच वेळी पाठवा. ही वाटणी पीएनेच करून द्यावी, घाबरलेल्या घराला ती सुचत नाही.

अधिवेशनाचे कागद

अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येक सूचनेचं, मग ती तारांकित प्रश्नाची (ज्याचं तोंडी उत्तर मंत्री सभागृहात देतात) असो, नियम १०५ खालची लक्षवेधी असो की औचित्याचा मुद्दा, एक पाकीट करा. आत दिलेली सूचना, मिळालेला क्रमांक, पुराव्याचे कागद आणि उपप्रश्नांचं टिपण. उत्तर छापून येतं तेव्हा "हे खरे आहे", "अंशतः खरे आहे", "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही" यांतलं काय आलं ते पाकिटावर लिहायचं. सूचना फेटाळली गेली तरी पाकीट टाकायचं नाही, पुढच्या अधिवेशनात तोच मजकूर सुधारून देता येतो.

"अंशतः खरे आहे" हे उत्तर सर्वांत उपयोगाचं. सरकारने लेखी मान्य केलेली बाब म्हणून ते उत्तर जिल्ह्यातल्या पुढच्या प्रत्येक पत्राला जोडता येतं. मंत्र्यांनी सभागृहात तोंडी आश्वासन दिलं तर त्याची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवा. कामकाजाच्या वृत्तांतातून तो उतारा काढायला तीच तारीख लागते.

निवडणुकीची फाईल

ही कार्यालयाच्या कपाटात इतर फायलींत मिसळू नका. नामनिर्देशनासोबतचं नमुना २६ मधलं शपथपत्र, त्याला आधार असलेली विवरणपत्रं, खटल्यांची सद्यःस्थिती आणि खर्चाची नोंदवही एकत्र ठेवा. खर्चाच्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. तिन्हींचा मेळ रोज रात्री बसला पाहिजे. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण प्रचारात मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. बिलं तुकड्यांनी घेतली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, आणि निवडणूक याचिका ४५ दिवसांत दाखल होऊ शकते. त्यानंतरही फाईल जपा: पुढच्या शपथपत्रातले आकडे मागच्याशी ताडून बघायला ती लागतेच.

संगणक, पाऊस आणि रद्दी

जुन्या संगणकांवरची पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतात. ती शोधाला सापडत नाहीत, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. आजपासूनचं सगळं युनिकोडमध्ये करा. जुन्यापैकी निधीची पत्रं तेवढी बदलून घ्या, बाकीच्यांची पीडीएफ काढा. फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग जावक क्रमांक, मग गाव, मग विषय असं द्या. "नवीन पत्र शेवटचं" असल्या नावाच्या फायली महिन्याभरात कुणालाच ओळखू येत नाहीत. स्कॅन ३०० डीपीआयला. व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो मागवायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर प्रतिमा दाबली जाऊन शिक्क्यावरचा क्रमांक वाचता येत नाही. आधारच्या प्रतींवर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाका, आणि त्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर कधीही टाकू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून कागद ओल धरतो. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजून कागदाला भोक पाडतात, म्हणून कायम ठेवायच्या फायलींना पंच करून दोऱ्याचे टॅग लावा. वाळवी नेहमी खालच्या कप्प्यातून वर येते. तिथे निमंत्रणपत्रिका ठेवा, निधीच्या फायली नकोत.

किती वर्षं काय ठेवायचं, याला सरकारी कार्यालयांची वर्गवारी चांगला आधार आहे: अ वर्ग कायम, ब ३० वर्षं, क-१ दहा वर्षं, क पाच वर्षं, ड एक वर्ष. आमदारांचं कार्यालय त्या नियमाने बांधलेलं नाही, पण गावपानं, निधीच्या फायली आणि आवक-जावक नोंदवह्या कायम, अधिवेशनाची पाकिटं कायम, निकाली वैयक्तिक अर्ज ५ वर्षं, निमंत्रणं आणि शुभेच्छापत्रं १ वर्ष, एवढं ठरवलं तर कपाट आवाक्यात राहतं. वैयक्तिक अर्ज रद्दीवाल्याला किलोवर द्यायचे नाहीत. त्यात लोकांचे आजार, कर्ज, घरातली भांडणं असतात. ते फाडून किंवा भिजवून लगदा करूनच बाहेर जावेत.

मुदत संपली किंवा निवडणूक हरली की कार्यालय आठवड्याभरात आवरलं जातं आणि इथे सर्वांत जास्त कागद वाया जातो. राजमुद्रेच्या वापराबाबतच्या २००७ च्या नियमांप्रमाणे माजी आमदारांना राजमुद्रा असलेलं लेटरहेड वापरता येत नाही. शिल्लक पानांचा पहिला आणि शेवटचा क्रमांक टिपून, दोघांच्या सह्या घेऊन ती नष्ट करा, शिक्केही सोबतच. मग आवक नोंदवहीतला निकालाचा रकाना रिकामा असलेल्या नोंदींची यादी काढा. त्या प्रत्येक अर्जदाराला बोलावून पत्राची पोच असलेली प्रत द्या, त्यावर समोरच्या कार्यालयाचा आवक क्रमांक ठळक करून. त्या क्रमांकावर तो स्वतः माहिती अधिकारात विचारू शकतो किंवा नव्या आमदारांकडे जाऊ शकतो. फोन लागत नसेल तर गावच्या ओळखीच्या माणसाकरवी बंद पाकिटात पाठवा, आणि पाकिटावर जुना आवक क्रमांक लिहा.